आता हा कुठी चालला?

महाल, नागपूर
९ सप्टेंबर १९७३

चंद्रभान भाऊजी,

वर तीर्थरूप लिहिलेले नाही. विसरले म्हणून नव्हे.

तुमचे कार्ड मिळाले. राजहऱ्याच्या एकुलत्या एका टॉकीजमध्ये गेल्या वर्षीचे पिच्चर लागतात, तेही मधली रिळे गाळून, आणि खाणीच्या काटाघरात ट्रकांची वजने लिहीत बसून जीव विटतो. म्हणून नागपूरला नवे काय लागले आहे आणि ते कसे आहे हे मी कळवावे, असे तुम्ही लिहिता. 'तुझ्यासारख्या ग्रॅज्युएट मुलीचे मत वेगळेच असते' असेही लिहिता. कार्ड दोन्ही बाजूंनी गच्च भरलेले आहे. त्यात कौशल्याताईचे नाव कुठेही नाही. मी पत्त्याच्या कडेची आडवी ओळसुद्धा वाचली. तिथे तुम्ही एका नटीच्या केसांबद्दल विचारले आहे.

ताई तुमची लग्नाची बायको आहे. गेल्याच्या गेल्या आखाडीला, नवी नवरी माहेरी पाठवायची रीत म्हणून, तुम्ही तिला इथे आणून सोडलीत आणि पोळा झाला की नेतो म्हणालात. पोळे दोन झाले. मध्ये बाबा स्वतः सुतळी-बारदान्याचे दुकान बंद ठेवून राजहऱ्याला आले, तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितले ते त्यांनी कितीतरी दिवस आम्हाला सांगितले नव्हते. शेवटी जेवता जेवता त्यांच्या तोंडून निघून गेले. "हिले टॉकीजमंदी नेता येत नाही, मामाजी. हे मोठ्यानं विचारते, आता हा कुठी चालला? हे कोण होय? लोक मागं वळून पाहतात. दोस्तांमंदी माझी इज्जत जाते."

माणसे दारूसाठी बायको टाकतात, दुसरीसाठी टाकतात. तुम्ही शेजारच्या रांगेतले लोक वळून पाहतात म्हणून टाकलीत. मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतले होते. त्यात असे उदाहरण नव्हते.

आणि एक विचारते. लग्नानंतर तुम्ही नागपूरला होतात ते चार महिने तिकिटे कोण काढत होते? बायकांच्या खिडकीवर गर्दी कमी असते म्हणून तुम्ही तिला रांगेत उभी करायचात आणि दोस्तांसह पानठेल्यावर थांबायचात. तेव्हा तुमची इज्जत कुठे असायची? तिच्या मुठीतच ना, सगळ्यांच्या तिकिटांबरोबर?

असो. मत मागितले आहे, ते देते. गेल्या रविवारी एका आंधळ्या डॉक्टरचा पिच्चर पाहिला. अर्धा पिच्चर एक मुलगी त्याच्याभोवती गाणी म्हणत फिरते. मग अपघातात त्याचे डोळे जातात. तीच मुलगी नर्स होऊन त्याच्या उशाशी बसते, आणि तिचा आवाज त्याला शेवटपर्यंत ओळखू येत नाही. डोळे गेले हे कबूल, पण कान कुठे गेले होते? सगळ्या बायका रडत होत्या. मला त्या डॉक्टरच्या पेशंटांची काळजी वाटली.

यापुढे प्रत्येक मताखाली मी एक प्रश्न विचारणार आहे, नेहमी तोच. ताईला नेता, की फारकत देता? आपल्या जातीत पंचांसमोर फारकत होते आणि कायद्यालाही ती चालते. मी वकिलांना विचारून आले आहे.

उत्तरा

*

महाल
४ ऑक्टोबर १९७३

चंद्रभान भाऊजी,

डोळे-कानांचे वाक्य तुम्ही काटाघरात सर्वांना ऐकवलेत आणि लोक पोट धरून हसले, हे कळले. ते वाक्य माझे आहे हेही सांगितलेत का? माझ्या प्रश्नाबद्दल 'सवडीने लिहितो' एवढेच आहे. सवड नसणारा माणूस कार्डावर पाच पिच्चरांची चौकशी करत नाही.

तुम्ही विचारता, 'तुला तर पिच्चरचा तिटकारा होता, मग इतके कसे पाहून राहिली?' सांगते. लपवण्यासारखी लाज मला नाही. ज्यांना असायला हवी त्यांनाही नाही.

मला दाखवून राहिले आहेत. उन्हाळ्यात दोन वेळा घरी दाखवले. पहिल्याला मी विचारले, हुंडा तुम्ही मागता की तुमचे वडील, म्हणजे कोणाशी बोलायचे ते मला कळेल. दुसऱ्याला काही विचारलेच नाही, तर त्याच्या आईने मला गर्विष्ठ म्हटले. दोन्ही नकार आम्हाला कळण्याआधी गल्लीला कळले. समोरच्या घरातून पोह्यांच्या बशा मोजतात. तेव्हा बाबांनी नवी युक्ती काढली. टॉकीजमध्ये दोन्ही घरांनी एका रांगेत तिकिटे काढायची. योगायोगाने भेट झाली असे दाखवायचे. इंटरवलमध्ये मुलाने मुलगी पाहायची. पसंत पडली नाही तर नकार द्यायचाच नाही; आपापल्या वाटेने घरी जायचे, पिच्चर पाहून आल्यासारखे. बाबा म्हणाले, "कोणाच्या इज्जतीले धक्का नाही." इज्जत हा शब्द या घरात तुम्ही येऊन गेल्यापासून फार झाला आहे.

तर काल डाकूचा पिच्चर पाहिला. डाकू गावे जाळतो, पण रोज पहाटे आईच्या पाया पडतो, म्हणून तो मनाचा चांगला. शेवटी पोलिसांची गोळी लागून आईच्या मांडीवर मरतो आणि मरताना भाषण करतो. माझ्या शाळेतल्या वार्षिक संमेलनाच्या अध्यक्षांनाही इतका वेळ लागत नाही. शेजारी सावनेरचे एक कुटुंब योगायोगाने बसले होते. मुलगा खताच्या दुकानात बसतो. डाकू मेला तेव्हा तो हुंदके देऊन रडला; त्यानेच आधी इंटरवलमध्ये आइस्क्रीमवाल्या पोराला चिल्लर कमी आली म्हणून आईवरून शिवी दिली होती. मी बाबांना तिथेच 'नाही' म्हणाले. बाबा झोपेतून उठून म्हणाले, "कोणाले नाही?" टॉकीजमध्ये दिवे गेले की बाबा झोपतात.

आई गेल्यापासून माझ्याबरोबर बाई माणूस म्हणून ताईलाच यावे लागते. ती पहिल्यांदा 'नाही' म्हणाली होती. "मी काहून येऊ वं? दाखवायची तू. अन् माह्यानं चूप राहवत नाही." मी जबरदस्तीने नेली. पिच्चर सुरू झाला आणि मी पाहिले, तिने पदराचा बोळा करून दातांत धरला होता. तीन तास. सुटल्यावर पदर भिजून चिंब झालेला होता आणि डाकूला जंगलात शिधा कोण आणून देतो हे तिला अजून कळायचे होते. घरी येईपर्यंत रिक्षात मला विचारत होती.

हे तुम्ही तिला शिकवलेत. चार महिन्यांच्या संसारातून ती एवढेच घेऊन आली.

नेता की फारकत देता?

उत्तरा

*

महाल
१८ नोव्हेंबर १९७३

चंद्रभान भाऊजी,

'घाई काय आहे, ती बापाच्या घरी सुखात आहे.' हे तुमचे उत्तर. बरे झाले दिलेत. ते मी ताईला वाचून दाखवले नाही, बाबांना दाखवले. बाबा म्हणाले, "जवाईबापू आहेत ते, आज ना उद्या नेतील." जावई म्हटले की आमच्या बाबांची मान आपोआप खाली जाते; ती कोणासमोर जाते आहे हेही ते पाहत नाहीत.

सुख असे आहे. हळदीकुंकवाला ताईला बोलावतात, पण ओटी शेवटी भरतात. नळावर बायका तिला विचारतात, "काहून वं कौशल्या, कार्ड-गिर्ड येते का नाही?" ती म्हणते, "येते न." खोटे नाही. येतेच. माझ्या नावाने येते.

यावेळी पाहिलेल्या पिच्चरमध्ये कोट्यधीशाची मुलगी स्वयंपाकीण बनून गरिबाच्या घरी राहते. तिच्या चुलीला धूर नाही आणि पातेल्याला काजळी नाही. ती पोळी लाटतानाही गाते, आणि पोळी एकदाही उलटत नाही. ताईच्या तोंडात बोळा असतानाही एक हसू बाहेर पडले. शेजारच्या योगायोगाने, म्हणजे यावेळी काटोलच्या एका मास्तराने, मला इंटरवलमध्ये विचारले, "तुम्हाला असा स्वयंपाक येतो का?" मी म्हणाले, "असा कोणालाच येत नाही." त्या घरून काही कळले नाही. बाबांची युक्ती चांगली आहे, नकार खरोखरच ऐकू येत नाही.

तुमच्या त्या नटीचे केस खोटे आहेत. पाण्यात पडते तेव्हा ओले होत नाहीत.

प्रश्न तोच.

उत्तरा

*

महाल
१३ जानेवारी १९७४

चंद्रभान भाऊजी,

आज तुम्ही न विचारता लिहिते आहे. मतही आहे आणि बातमीही.

यावेळचा योगायोग हिंगणघाटचा होता. मुलाचे नाव मार्तंड, तिथल्या गिरणीत टाइमकीपर. आईबाप नाहीत, गोपिकाबाई नावाच्या मावशीने वाढवले. ती मंडळी आली तेव्हा दिवे गेलेले होते, सरकारी बातम्या चालू होत्या. रीतीप्रमाणे माझ्याजवळ मावशीने बसायचे. पण गोपिकाबाईंना कडेची खुर्ची हवी होती, त्यांना मधूनच उठावे लागते. म्हणजे मुलगा माझ्या अंगाला अंग लावून तीन तास बसणार. मी ताईला म्हणाले, मला इथून पडदा नीट दिसत नाही, तू इकडे ये. ती आली. एका टाइमकीपरचा अंदाज घेण्यापेक्षा मला भिंतीशेजारी बसणे बरे वाटले. बाबा मधल्या वाटेच्या पलीकडे, आधीच झोपलेले. थंडीमुळे ताईने शाल गळ्यापर्यंत गुंडाळलेली. हे सगळे नीट वाचा, पुढे कामाला येणार आहे.

पिच्चर असा. नायक सतत कुठेतरी जातो. लग्नाच्या मांडवातून उठून जातो, जहाजात चढतो, जहाजातून उतरतो, डोंगरावर जातो. कशासाठी ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसावे. ताईने बराच वेळ धीर धरला. मग तो जेव्हा आईचे प्रेत अंगणात ठेवून घोड्यावर बसला तेव्हा तिच्या तोंडातला बोळा सुटला.

"आता हा कुठी चालला?"

मी तिचा हात दाबणार, तोच तिच्या पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "रंगूनले."

"रंगूनले काहून?"

"तेथं त्याच्या बापाचं लाकडाचं दुकान राहते."

"अन् मायले कोण जाळन?"

"थे मले बी नाही समजलं. पुढं पाहू."

मागून कोणीतरी ओरडले, "ओ बाई, चूप बसा न!" ताई तिथल्या तिथे आखडली. तिने पदर तोंडाशी नेलेला मला दिसला. तेव्हा तो मुलगा मागे वळून म्हणाला, "विचारू द्या न, भाऊ. तुम्हाले तरी काही समजून राहिलं का?" मागच्या रांगेत लोक हसले. कोणीतरी म्हणाले, "हे खरं आहे गा."

मग पिच्चरभर ते दोघे बोलत होते. हे कोण होय? हे त्याची बहीण, पण त्याले ठाऊक नाही. मंग बहिणीसंग गाणं काहून म्हणते? चूप राहा, आता ठाऊक पडते. तुम्हाले लिहून सांगते भाऊजी (पाहा, मी पण त्यांच्यासारखे लिहायला लागले), आजपर्यंत पाहिलेल्यांत हा एकच पिच्चर मला बरा वाटला, कारण पडद्याकडे मी पाहिलेच नाही.

इंटरवलमध्ये गोपिकाबाईंनी पिशवीतला चिवडा काढून ताईच्या हातावर ठेवला आणि विचारले, "हिंगणघाटचं पाणी जड आहे, मानवंल का?" ताई म्हणाली, "पाण्याचं काय वं मावशी, उकळलं की झालं." मला वाटले, म्हाताऱ्या बाईच्या गप्पा. ताईलाही तेच वाटले.

पडद्यावर शेवटी नायक रंगूनहून परत आला. कोणाला आनंद झाला ते दिसले नाही.

नेता की फारकत देता? यापुढे वेळ थोडा आहे असे समजा.

उत्तरा

*

महाल
३ फेब्रुवारी १९७४

चंद्रभान भाऊजी,

'एक बातमी आहे म्हणालीस आणि ती सांगितलीच नाहीस' असे तुम्ही लिहिता. मी सगळी सांगितली होती. तुम्ही फक्त रंगूनपर्यंत वाचलीत.

आता उलगडून सांगते. संक्रांतीनंतर गोपिकाबाईंचा निरोप आला, मुलगी पसंत आहे, बोलकी आहे. निरोप नत्थूजींनी आणला. नत्थूजी म्हणजे आपल्या जातीचे पंच, तुमच्या लग्नात अक्षता पुरल्या नाहीत म्हणून आमच्यावर ओरडले होते ते. बाबांना आनंद इतका झाला की त्यांनी दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांना चहा पाजला. "बोलकी म्हणून उत्तरा पसंत पडली," असे ते पुन्हापुन्हा म्हणत होते. बोलकी म्हणून मला नापसंत करणाऱ्यांचीच आजवर त्यांना सवय होती.

मग गोपिकाबाई खण-नारळ घेऊन आल्या. दारात मी उभी होते. मला बाजूला सारून त्या आत गेल्या, चुलीपुढून उठलेल्या ताईची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "हे पाह्य, माही सून." ताईच्या अंगावर शाल नव्हती. कुंकू लावायला बोट उचलले आणि त्यांना मंगळसूत्र दिसले.

 गोपिकाबाई म्हणाल्या, "मंगळसूत्र आहे, त नवरा कुठी आहे?"

 ताईच म्हणाली, "राजहऱ्याले. पिच्चर पाहून राहिला."

गोपिकाबाई नारळ परत पिशवीत टाकून निघून गेल्या. बाबा दोन दिवस दुकानात गेले नाहीत. मला म्हणाले, "तू जागा काहून बदलली? जास्त शिकली म्हणून?" मी म्हणाले, हो. त्यापुढचे त्यांना ऐकायचे नव्हते.

पण पुढल्या रविवारी मार्तंड एकटाच आला. ओट्यावर बसला, आत आला नाही. बाबांना म्हणाला, "चूक आमची नाही, तुमची बी नाही. मले बाई पसंत आहे. फारकत होत असंल तर सांगा, मी थांबतो. होत नसंल तर तसं सांगा." एवढेच. मी दाराआडून ऐकत होते. कोणा मुलाने एवढे सरळ बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. पडद्यावर या कामाला घोडा लागतो.

गोपिकाबाई अजून रुसलेल्या आहेत, पण वाकल्या आहेत. त्यांची अट एकच. बिनलग्नाच्या मुलाला नवऱ्याने टाकलेल्या बाईशी पाट लावायचा असेल तर जुनी रीत पाळायची: आधी मुलाचे लग्न रुईच्या झाडाशी, मग बाईशी. मी चिडले. म्हणाले, हा कसला अडाणीपणा, मी हे होऊ देणार नाही. ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "लागू दे न वं. त्याले एक तरी बायको चूप राहणारी भेटू दे."

मी नंतर त्या रुईचा विचार केला, आणि ती तुमच्याच घरी जायला हवी होती असे मला वाटले. ठेवली तिथे उभी राहते. टॉकीजमध्ये तोंड उघडत नाही. माहेरी पाठवायला नको, आणायला नको. तिच्यावर तुमची इज्जत आयुष्यभर नीट उभी राहिली असती.

आता प्रश्न अर्धाच उरला आहे. न्यायचे विचारत नाही. फारकत देता का, आणि कोणत्या रविवारी?

उत्तरा

*

महाल
१२ फेब्रुवारी १९७४

चंद्रभान भाऊजी,

तुमची तार आली. 'कौशल्याला न्यायला येतो. तयारी ठेवा.'

दीड वर्ष कार्डावर जिचे नाव मावले नाही, ते तारेत मावले, जिथे प्रत्येक शब्दाला पैसे पडतात. कुणीतरी दुसरा तिच्याशी तीन तास बोलला म्हणून. मला याचे आश्चर्य वाटायला हवे होते. असे पिच्चर मी पाहिलेले आहेत. नायकाला बायकोची आठवण नेहमी दुसऱ्याने वर्णन केल्यावर येते.

बाबांनी तार देवासमोर ठेवली आहे. जवाईबापू येणार म्हणून मटणाचे सांगून आले आहेत आणि हिंगणघाटला 'थांबू नका' असा निरोप पाठवायचे म्हणत होते. तो मी अजून पाठवू दिलेला नाही. ते म्हणतात, "नवरा स्वतः न्यायले आला तर पोरीले कोणत्या तोंडानं ठेवू?" त्यांचे म्हणणे सगळी गल्ली मान्य करील, पंचही करतील. तुम्हाला हे माहीत आहे, म्हणूनच तुम्ही येता.

ताईला विचारले. ती म्हणाली, "येऊ दे."

मला तिचे काही कळत नाही. ती तिकडे गेली तर पुन्हा बोळा दातांत धरील आणि या खेपेला कोणी पाहणारही नसेल. हे लिहिताना मला तुमच्याबद्दल जे वाटते त्याला मी शिकलेल्या भाषेत शब्द नाही.

उत्तरा

*

महाल
२४ फेब्रुवारी १९७४

चंद्रभान भाऊजी,

तुम्ही आत गेलात, म्हणून पुढचे तुम्हाला माहीत नाही. ते सांगण्यापुरते हे पत्र.

आधीचे तुमच्या लक्षात असेलच, तरी लिहिते, कारण बाबा ते रोज कोणाला ना कोणाला सांगतात आणि मला ते बरोबर राहायला हवे आहे. तुम्ही आलात. जरीकाठी पातळ आणले, मिठाई आणली. मटण जेवलात. ताईशी एक वाक्य बोललात, "सामान बांध." मग घड्याळ पाहून म्हणालात, गाडी संध्याकाळची आहे, तोवर सगळे मिळून तीनचा शो पाहू. बायको न्यायला आलेल्या माणसाला तिच्याशी बोलायला तीन तास होते आणि त्याने अंधार निवडला. पोस्टरवर नायिका नवऱ्याच्या पायांवर डोके ठेवून होती. तुम्ही ते पोस्टर बाबांना हाताने दाखवलेत.

टॉकीजवर पुरुषांची रांग पार रस्त्यापर्यंत होती. तुम्ही पाकीट काढलेत आणि दीड वर्ष मध्ये गेलेच नसल्यासारखे ताईला म्हणालात, "जाय, लेडीजमंदी गर्दी कमी आहे."

ती गेली. मी मागे जात होते, तिने मला हाताने थांबवले. खिडकीवरून परत आली, उरलेल्या नोटा तुमच्या हातात दिल्या आणि वर तिकीट ठेवले. एक.

"एकच?" तुम्ही म्हणालात.

"तुम्हाले पाहायचा आहे न? पाहा. मी घरी चालली."

"अन् मी नागपूरले कायले आलो?"

"थे तुम्हालेच ठाऊक."

बाबा मध्ये पडले. "कौशल्या, असं बोलू नोको वं, जवाईबापू आहेत." ते तिला गप्प करणारच होते, भाऊजी. तुम्ही तेव्हा नुसते उभे राहिला असतात, तिचा हात धरला असतात, ओरडला असतात, तरी बाबांनी तिला तुमच्याबरोबर गाडीत बसवली असती आणि मला काही करता आले नसते. एवढ्यात आतली घंटा वाजली. तुम्ही दाराकडे पाहिलेत. तिकिटाकडे पाहिलेत. बातम्या सुरू झाल्याचा आवाज आला. "सुटल्यावर बोलू," असे म्हणून तुम्ही आत गेलात.

इथून पुढे तुम्हाला माहीत नाही.

दार बंद झाले. बाबा टोपी हातात घेऊन त्या दाराकडे पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडून निघाले, "हा त खरंच आत गेला गा."

आणि ताईने पदर सोडला, मान उंच केली, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "आता हा कुठी चालला वं, उत्तरे?"

पुरुषांची रांग वळून पाहत होती. बायकांची रांगही. ती इतकी हसली की तिला पानठेल्याचा खांब धरावा लागला. आमच्या बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा जावयावर हसताना पाहिले. आवाज नव्हता, पण टोपी हलत होती.

म्हणून तुम्ही पिच्चर सुटल्यावर आलात तेव्हा तुमची बॅग आणि पातळ ओट्यावर ठेवलेले होते आणि बाबा दारात बसलेले होते. ते काही बोलले नाहीत याचे तुम्हाला वाईट वाटले असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्यांना बोलायचे होते ते दुसऱ्या दिवशी नत्थूजींकडे जाऊन बोलले. नत्थूजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "जो माणूस बायको न्यायले येऊन पिच्चर पाहत बसला, त्याची वाट पंचानं काहून पाहावी?" कालच्या तुमच्या पत्रात तुम्ही लिहिता की तुमचा अपमान झाला आणि फारकत देणार नाही. ते पत्रही मी नत्थूजींना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, पिच्चर कसा होता ते लिहिलं आहे का? मी म्हणाले, आहे. शेवटी लिहिले आहे, 'पिच्चर बरा होता, तुम्ही पाहायला हवा होता.' नत्थूजींनी कपाळाला हात लावला. आता तुम्ही या अथवा नका येऊ, फारकत होणार.

गोपिकाबाईंनी रुईचे झाड शोधून ठेवले आहे. मी अजूनही विरोधात आहे. मला कोणी विचारत नाही. मला दाखवणे बाबांनी सध्या थांबवले आहे. जुलैत बी.एड.ला जाणार.

त्या पिच्चरबद्दल माझे मत: मी पाहिलेला नाही.

पंच येत्या रविवारी, ३ मार्चला, नत्थूजींच्या घरी बसणार आहेत. सकाळी. तुमचा तीनचा शो चुकणार नाही.

उत्तरा